चवथीला उरले ९४ दिवस

आज गोव्यातल्या पेडण्यात आमच्या वाचनालयाची बैठक होती. दोन वर्षांपूर्वी आम्ही १४ पानांचा झकास आराखडा केला होता. कौलं बदलणं, मुलांचा कोपरा, पुस्तकांची संगणकावर नोंद, सगळं त्यात. आज बाहेर धो धो पाऊस आणि आत कादंबऱ्यांच्या कपाटासमोर बादली.

कोकण रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका सभासद आहेत. त्यांनी आराखडा चाळला नि विचारलं, "कौलांच्या कामापुढे नाव कोणाचं?" कोणाचंच नव्हतं. सगळीकडे आपलं 'समिती पाहील'!

मग ते रुळांवर घसरले (ते घसरतातच). कोकण रेल्वेचा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग, पण त्याचे सात भाग पाडून प्रत्येकाला स्वतंत्र मुख्य अभियंता. निर्णय जागेवर. कोकण रेल्वे बांधणाऱ्या महामंडळाचे तेव्हाचे प्रमुख श्रीधरनसाहेब, त्यांनी कार्यालयांत उलटी घड्याळं लावली होती, किती दिवस उरले ते दाखवणारी. तरीही आमच्याच पेडण्याच्या बोगद्यानं सगळ्यांना रडवलं. मऊ माती, पाणी, खोदलेलं पुन्हा ढासळायचं. अखेर २६ जानेवारी १९९८ला मार्ग पूर्ण खुला झाला. "माती आराखडा वाचत नाही रे," काका म्हणाले.

आम्ही १४ पानांतली तीनच कामं ठेवली, गणेश चवथीपर्यंत पुरी करायची. संगणक बाद केला, मला वाईट वाटलं, कारण ती कल्पना माझी. कौलं माझ्या नावावर आली. भर पावसात छपरावर चढायला कारागीर मिळणं मुश्कील, तोवर ताडपत्री. दारावर खडूनं लिहिलंय : ९४. उद्या सकाळी ९३ करायचं कामही माझंच.