उभ्या बशा

"बशा उभ्या भर रे, आडव्या नको." दुपारपासून चौथ्यांदा सांगितलं. पॅकिंगवाला मुलगा "हो काकू" म्हणतो आणि परत थप्पी रचायला घेतो. थप्पीत खालच्या बिचारीवर सगळ्यांचा भार; टेम्पो खड्ड्यात आदळला की पहिली तीच जाते. कडेवर उभ्या केल्या की सहसा टिकतात. त्याला पटत नाही. माझं वय बघून तो वाद घालत नाही, एवढंच.

वाशीची आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली. आता तीन वर्षं (म्हणे) कोपरखैरण्याला भाड्यानं. रिक्षानं पंधरा मिनिटांची वाट, पण आवरायचं म्हटलं की कोपरखैरणे काय नि कॅनडा काय! त्यात घरी पेपर बंद करून मोबाईलवर वाचायला लागलो, तर बशा गुंडाळायला रद्दी शेजारून मागून आणावी लागली.

१९८६ साली दादरच्या चाळीतून इथे आलो तेव्हा बबलरॅप कुणाला ठाऊक! कप बाबांच्या मोज्यांत, काचेचे पेले तांदळाच्या डब्यात खुपसलेले, आरसा दोन गोधड्यांच्या मध्ये. पुस्तकं बिस्किटांच्या छोट्या खोक्यांत, कारण मोठं खोकं भरलं की दोघांनाही उचलत नाही. आणि कैरीच्या लोणच्याची चिनी मातीची बरणी? तिला दादरा बांधून, वर आजीचं जीर्ण लुगडं गुंडाळून आईनं टेम्पोत पुढे मांडीवर घेतली होती. लोकल तेव्हा मानखुर्दपर्यंतच. वाशीला यायला १९९२ उजाडलं. खाडीपुलावर टेम्पो हिंदकळला आणि तेल पाझरून आईच्या नव्या साडीच्या निऱ्यांवर उतरलं. आई गप्प. आजी मागून म्हणाली, "फुटली नाही ना? मग झालं तर."

तो डाग पुढे गेलाच नाही. साडी मात्र आईनं बरीच वर्षं नेसली.

मी कुठे होते? हां, फ्रिज. तो आडवा घालायचा नाही, हे मुलाला माहीत होतं. आडवा गेलाच तर नव्या घरी काही तास उभा ठेवून मगच सुरू करायचा, नाहीतर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत शिरलेलं असतं, हे त्यानंच मला ऐकवलं. म्हटलं, बशांचंही असंच शिकून घे की! हसला.

बरणी यंदा बबलरॅपमध्ये गेली. तीन वेढे, वर चिकटपट्टी. लुगडं माळ्यावरून निघालं, अजून तेवढंच मऊ, आणि हुंगलं तर लोणच्याचा वासबीस काही नाही, नुसती डांबरगोळी. मी ते हातात घेऊन उभी, तेवढ्यात मुलगा आला.

"काकू, हे फ्रिजखाली घालू? लादीवरून सरकवायला बरं पडेल."

"घाल," म्हटलं. "पण नीट घडी करून."

मग बशांचं खोकं उघडून पाहिलं. पुन्हा आडव्याच.