थर्माकोलच्या भरावाचे डिझाइन: खोदाई किती करायची?

सॉल्ट लेक सिटीजवळच्या एका पुलाच्या जोडरस्त्याचे रुंदीकरण माझ्याकडे डिझाइनसाठी आले, तेव्हा खरी अडचण जमिनीची होती. प्राचीन बॉनव्हिल सरोवराच्या तळाची मऊ चिकणमाती तिथे खोलवर आहे. तिच्यावर 6 मीटर मातीचा भराव घातला असता, तर दर चौरस मीटरला 11 टनांच्या आसपास भार आला असता आणि खालची जुनी गॅसवाहिनी जमिनीबरोबर खचली असती. याच शहरात आय-15 महामार्गाच्या पुनर्बांधणीत अशा वाहिन्या वाचवण्यासाठी पॉलिस्टायरीन फोमचे, म्हणजे आपल्या थर्माकोलचे, मोठे ठोकळे वापरले होते. मीही तेच निवडले.

मी घेतलेल्या ठोकळ्याचे वजन घनमीटरला जेमतेम 22 किलो असते, पण 1 टक्का दबेपर्यंत तो 50 किलोपास्कल दाब पेलतो. कायमचा भार आणि चाकांचा भार मिळून या मर्यादेत ठेवला, की ठोकळे वर्षानुवर्षे दबत जाण्याची भीती उरत नाही. हे गणित सरळ होते.

कस लागला तो खोदाईची खोली ठरवताना. ठोकळ्यांवरचा 150 मिलिमीटरचा काँक्रीट स्लॅब, खडीचे थर आणि फरसबंदी यांचे वजन चौरस मीटरला 1,900 किलो भरले. तेवढ्याच वजनाची माती आधी काढली, तर जमिनीवर नवा भार शून्य; त्यासाठी 1.1 मीटर खोदावे लागत होते. मात्र जितके खोल जावे तितके ठोकळे भूजलाच्या जवळ जातात, आणि बुडालेला प्रत्येक घनमीटर सुमारे 980 किलोच्या बळाने वर उचलला जातो. सुरक्षा गुणांक 1.2 धरल्यावर, म्हणजे वरचे वजन या उचलबळाच्या 1.2 पट ठेवल्यावर, ठोकळ्यांच्या तळापासून 1.6 मीटरपर्यंतच पाणी चालणार होते, तर पुराची पातळी जमिनीच्या 0.6 मीटर वर होती; 1.1 मीटर खोदले असते तर तळावर 1.7 मीटर पाणी चढले असते. म्हणून मी खोदाई 0.8 मीटरवर थांबवली, अर्ध्या टनाहून थोडा अधिक भार जमिनीवर राहू दिला आणि त्याने गॅसवाहिनी किती खचेल हे वेगळे तपासून घेतले.

पेट्रोलमध्ये हा फोम विरघळतो, त्यामुळे टँकर उलटण्याची शक्यता धरून स्लॅबखाली इंधनरोधक पडदा दाखवला. प्रत्यक्ष कामात सर्वांत जास्त लक्ष मी तळाच्या वाळूच्या थराकडे दिले, कारण पहिली रांग डुगडुगली तर वरच्या प्रत्येक थरात फटी वाढत जातात.