तुम्ही विचारलंत म्हणून: मागे सरकायला जागा किती आहे?

“देवळं, वाडे, किल्ले यांचे फोटो काढायचे आहेत. कॅमेरा कोणता घेऊ?” हा प्रश्न वरचेवर येतो, आणि कोल्हापुरात तो येणारच. एका अंगाला पन्हाळा, दुसऱ्या अंगाला कृष्णाकाठचं खिद्रापूर, आणि शहरातच मेजर चार्ल्स मँट यांनी आखलेला, १८७७ ते १८८४ या काळात काळ्या दगडात उभा राहिलेला नवा राजवाडा. इतकं जवळ असताना हात शिवशिवतात.

पण कॅमेऱ्याचं नाव सांगण्याआधी मला एक गोष्ट विचारावीशी वाटते. ज्या वास्तूचा फोटो हवा आहे, तिच्यासमोर मागे सरकायला तुम्हाला जागा किती आहे? पावलांनी मोजून या. साधं चालतानाचं पाऊल पाऊण मीटर धरा. लेन्स कोणती घ्यायची ते या आकड्यावरून ठरतं, आणि लेन्स ठरली की कॅमेऱ्याचा प्रश्न निम्मा सुटतो.

का ते सांगतो. इमारत उंच आणि जागा कमी असली की आपण कॅमेरा वर उचलतो. तो वर कलला की आतला सेन्सर (चित्र टिपणारा चौकोनी तुकडा) भिंतीला समांतर राहत नाही, भिंतीच्या उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकतात आणि इमारत मागे पडतेय असं दिसतं. म्हणून पहिला नियम असा की कॅमेरा पातळीत ठेवायचा, वर-खाली अजिबात कलवायचा नाही. मग पातळीत धरलेल्या कॅमेऱ्यात किती उंचीपर्यंतचं मावेल, याचा हिशोब सोपा आहे. सेन्सरची जी बाजू उभी धरली आहे तिच्या अर्ध्याला फोकल लेंग्थने (लेन्सवर लिहिलेला मि.मी.चा आकडा) भागा, आलेल्या आकड्याने अंतराला गुणा आणि त्यात डोळ्याची उंची मिळवा.

मोठा, म्हणजे फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मि.मी.चा असतो. त्याहून लहान एपीएस-सी साधारण २३.५ बाय १५.६, कॅननचा किंचित लहान. आता समजा, वाड्याचा दरवाजा नगारखान्यासकट ९ मीटर उंच आहे आणि समोरचा बोळ ७ मीटर रुंद. तुमच्याकडे एपीएस-सी कॅमेरा आहे आणि त्यासोबत आलेली १८-५५ ची लेन्स. कॅमेरा उभा धरला, लेन्स १८ वर ठेवली, तर ११.७५ भागिले १८ म्हणजे ०.६५. गुणिले ७ म्हणजे साडेचार मीटर, अधिक डोळ्याची उंची दीड मीटर. सहा मीटरपर्यंतचं मावलं, वरचा मजला कापला गेला. तीच जागा, तोच कॅमेरा, पण १० मि.मी.ची लेन्स लावली तर ८.२ अधिक दीड म्हणजे पावणेदहा मीटर. पुरा दरवाजा आला, वर थोडं आभाळही आलं.

आणि पैसे वाचवणारी एक वाट याच हिशोबात दडलेली आहे. समोरच्या घराच्या पहिल्या मजल्याच्या खिडकीतून, म्हणजे जमिनीपासून साडेचार मीटरवरून, तोच फोटो काढा. आता वर साडेचार आणि खाली साडेचार मीटरच मावायला हवं. सोबत आलेली १८ची लेन्स तेवढ्याला बेतासबात पुरते. मालकांना विचारून खिडकीत उभं राहायला काहीच खर्च येत नाही. वास्तूच्या निम्म्या उंचीवर जागा मिळाली तर ती लेन्सपेक्षा मोलाची समजा.

जागा नसेल, समोर घर नसेल आणि लेन्सही नसेल, तर कॅमेरा थोडा वर कलवा आणि रेषा नंतर संगणकावर सरळ करा. लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे, फुकटच्या डार्कटेबलमध्येही आहे. पण त्यासाठी चारी बाजूंनी मोकळी जागा ठेवून फोटो काढायला हवा, कारण सरळ करताना कडा कापल्या जातात. वरचा भाग ताणला जाऊन मऊही पडतो. शिवाय उंच शिखराच्या रेषा संगणकाने पूर्ण समांतर केल्या की शिखर वर जड दिसायला लागतं. थोडा झुकाव राहू द्यावा, डोळ्याला तोच खरा वाटतो. या सगळ्यावरचा पक्का इलाज म्हणजे शिफ्ट लेन्स. तिचा काचेचा भाग कॅमेऱ्यापासून वेगळा वर-खाली सरकतो, कॅमेरा पातळीतच राहतो. कॅननची २४ मि.मी.ची टीएस-ई १२ मि.मी. सरकते, लाओवाची १५ मि.मी.ची ११ मि.मी. लेन्स अप्रतिम, पण महाग, आणि बहुतेक हाताने फोकस करायच्या. वास्तूंचे फोटो हाच व्यवसाय करायचा नसेल तर त्यांच्या मागे लागू नका.

पातळी बघायला कॅमेऱ्यातच डिजिटल लेव्हल असते. ती एकदा तपासून घ्या, अर्ध्या अंशाने चुकलेली असू शकते. गवंड्याचा ओळंबा दारात टांगा, कॅमेरा त्याच्या समोर पातळीत धरा आणि दोरी फ्रेमच्या कडेला समांतर येते का ते पाहा. घराची चौकट नेहमीच काटकोनात असेल असं नाही, ओळंबा मात्र खोटं बोलत नाही. जुन्या बांधकामात एक धोका आणखी आहे. किल्ल्याचा तट आणि बुरूज खाली रुंद, वर निमुळते बांधलेले असतात. पन्हाळ्याच्या तटाची कड धरून फोटो ‘सरळ’ केलात तर बुरूज फुगलेला दिसेल. तिथे दरवाजाची चौकट किंवा खांब धरून सरळ करा, तटाची कड नको.

आता दगडाविषयी. आपल्याकडच्या वास्तू काळ्या बेसॉल्टच्या, आणि कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी धरून चालतं. फ्रेम काळ्या भिंतीने भरली की ते प्रकाश वाढवतं. भिंत राखेसारखी पांढुरकी दिसते आणि कोरीव कामातली खोली जाते. अशा वेळी एक्स्पोजर उणे एक स्टॉप करा, म्हणजे प्रकाश निम्मा. उलट, फ्रेममध्ये आभाळ जास्त आलं की मीटर त्याला घाबरून सगळं अंधारं करतं आणि दगडाचा नुसता काळा ठोकळा उरतो. म्हणून डोळे मिटून एकच आकडा लावू नका. हिस्टोग्राम (गडद ते उजळ भागांचा आलेख) बघा, आभाळाची बाजू उजव्या कडेला चिकटू देऊ नका, आणि रॉ मध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्येच काढा. रॉ मध्ये अंधारातला दगड बराचसा उजळता येतो, जळालेलं आभाळ परत येत नाही. पावसानंतर ओला दगड चमकतो, ती चमक पोलरायझर (लेन्सपुढे लावायचा फिल्टर) काढतो. मात्र रुंद लेन्सवर निळं आभाळ असताना तो लावलात तर आभाळात गडद पट्टा येतो. आभाळ फ्रेमबाहेर ठेवता येत असेल तरच लावा.

प्रकाशाची दिशा वास्तूच्या तोंडावरून ठरते. खिद्रापूरचं कोपेश्वराचं देऊळ पूर्वाभिमुख, म्हणून दर्शनी बाजूला सकाळ चांगली. पन्हाळ्याचा तीन दरवाजा पश्चिमेच्या तटात आहे, तिथे दुपारनंतर जा. अंबाबाई पश्चिमाभिमुख आहे, म्हणून तर ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं मूर्तीपर्यंत पोचतात. तिथे आत फोटो काढायला मनाई आहे. किरणोत्सव हात जोडून बघायचा.

खिद्रापूरबद्दल थोडं सविस्तर सांगायलाच हवं, कारण पहिली लेन्स घेतली की सगळे तिथेच जातात आणि बहुतेकांचा एकच फोटो फसतो. कोपेश्वराच्या देवळापुढच्या स्वर्गमंडपाच्या छताला मध्यभागी गोल मोकळी जागा आहे, तिच्याखाली गोल शिळा आणि शिळेभोवती १२ खांबांचं कडं. एकूण खांब ४८. मधोमध बसून वर बघत फोटो काढला की आभाळाचं वर्तुळ आणि भोवती खांब यायला हवेत. येतं काय, तर वर्तुळ अंड्यासारखं, एका बाजूचे खांब लांब आणि दुसऱ्या बाजूचे आखूड. कारण दोनच: कॅमेरा मधोमध नसतो, किंवा तो थेट वर बघत नसतो. आधी समोरासमोरच्या खांबांपासूनचं अंतर टेपने मोजा, दोन जोड्या पुरतात. कॅमेरा पाठीवर ठेवायचा, खाली अर्धा किलो मूग भरलेली कापडी पिशवी. थेट वर बघताना बऱ्याच कॅमेऱ्यांची डिजिटल लेव्हल काम करत नाही, म्हणून छोटी गोल पाणपातळी लेन्सच्या कडेवर टेकवा, बुडबुडा मधोमध येईपर्यंत मूग दाबा आणि पातळी काढून घ्या. शटर मोबाइलच्या अ‍ॅपवरून दाबा, नाहीतर फ्रेमच्या कडेला तुमचंच डोकं येतं. खूप रुंद लेन्समध्ये कडेचे गोल खांब ताणून जाड होतात, तेव्हा १० ऐवजी १२-१४ वर थांबून बघा.

आभाळ आणि खांब यांच्यातला फरक एका फ्रेममध्ये धड मावत नाही. फोकस हाताने बांधून टाका, एफ ८ (लेन्सचं छिद्र), आयएसओ १०० (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता), व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) एकच. मग फक्त शटरचा वेग बदलत दोन-दोन स्टॉपच्या अंतराने पाच फ्रेम घ्या आणि नंतर जोडा. ऊन आत उतरतं तेव्हा शिळेवरून परतलेला उजेड छताखालच्या कोरीव कामापर्यंत जातो आणि काम खूप सोपं होतं. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो. त्या सुमारास दुपारी साडेबाराच्या आसपास उन्हाचं वर्तुळ जवळजवळ थेट खाली पडतं. डिसेंबरात दुपारचा सूर्य ५० अंशांवरच असतो, त्यामुळे ते वर्तुळ उत्तरेकडे सरकलेलं दिसतं. दोन्ही सुंदर, फक्त काय मिळणार ते आधी माहीत असावं.

मुगाची पिशवी सुचवायला आणखी एक कारण आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित स्मारकांत ट्रायपॉडसाठी आधी परवानगी लागते. ती नसेल तर खांबाला पाठ टेका, श्वास सोडताना शटर दाबा. कॅमेऱ्यात किंवा लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) असेल तर रुंद लेन्सवर १/८ सेकंदापर्यंत हाताने निभतं. पन्हाळ्याच्या अंबरखान्यातल्या अंधाऱ्या कोठारांत मात्र आयएसओ १६०० ते ३२०० करावाच लागतो, आणि फोटोत थोडा रवा, म्हणजे दाणेदारपणा चालतो, हललेला फोटो चालत नाही. शहरात ट्रायपॉड लावता येतो तिथे सूर्यास्तानंतरची १५ ते २५ मिनिटं धरा. आभाळ निळं असतं आणि दिवे लागलेले असतात. एलईडीच्या रोषणाईत फोटोत आडवे पट्टे आले तर इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा आणि वेग १/१०० किंवा १/५० वर आणा. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात.

तर आता कॅमेरा. रॉ, वळवता येणारा मागचा पडदा (स्क्रीन), डिजिटल लेव्हल आणि २४ मेगापिक्सेल, एवढं असलेला कोणताही, जुना असला तरी चालेल. ए३ आकाराची छपाई ३०० डीपीआयने करायला साडेसतरा मेगापिक्सेल पुरतात. एका सेकंदात किती फ्रेम निघतात, पक्ष्याच्या डोळ्यावर फोकस धरतो का, याचे पैसे तुम्ही देऊ नका. देऊळ कुठे पळत नाही. एपीएस-सी असेल तर कॅननची १०-१८ किंवा निकॉनची १०-२०, फुल फ्रेम असेल तर १६-३५ एफ ४. एफ २.८ चं वजन आणि किंमत इथे वाया जाते, कारण काम एफ ८ वरच होतं. दुसरी लेन्स ५५-२५०. शिखरावरची शिल्पं आणि देवळाच्या पायथ्याच्या गजपीठावरचे हत्ती जवळ आणायला ती हवी. आणि खरेदीआधी रुंद लेन्स एका दिवसासाठी भाड्याने घेऊन बोळात उभं राहून बघा.

जुनी घेत असाल तर वर्तमानपत्राचं पान भिंतीला सपाट चिकटवा, समोरून काढा आणि चारही कोपरे मोठे करून बघा. तीन कोपरे स्पष्ट आणि एक धूसर असेल तर आतली काच सरकलेली आहे, ती लेन्स घेऊ नका. एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढलात की सेन्सरवरची धूळ ठिपक्यांसारखी दिसते. ती साफ होते, घाबरायचं कारण नाही. शेवटी मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून मारा आणि पुढून बघा. काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे.

बुरशी हे आपल्या पावसाचं खास दुखणं. जून ते सप्टेंबर कॅमेरा कपाटात किंवा चामड्याच्या पिशवीत ठेवू नका, चामडं ओल धरतं. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांवर. जेलचा रंग बदलला की भाजून पुन्हा वापरा. तांदूळ नको, त्याची भुकटी लेन्सच्या फटीत जाते. पन्हाळ्याच्या धुक्यातून आल्यावर लगेच डब्यात टाकू नका, आधी पुसून पंख्याखाली तासभर ठेवा. आणि नद्यांना पूर असताना खिद्रापूरचा बेत करू नका. सप्टेंबर सरताना डबा उघडाल तेव्हा सगळ्यात आधी टॉर्च घ्या आणि प्रत्येक लेन्स मागून पुढून एकदा बघा.