फ्लॅट घेऊ की गावचं घर सोडवू?

फ्लॅट घ्यावा की गावच्या घराच्या कागदांचा गुंता सोडवावा, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नोकरी रत्नागिरीत किंवा चिपळुणात, वय तिशीच्या आत, घरचे ‘हप्ता सुरू कर’ म्हणून मागे लागलेले आणि तुमचं मन काही फ्लॅटवर बसत नाही. फ्लॅट न घेण्यात बेफिकिरी कसली? 30 लाखांचं कर्ज 8.5 टक्क्यांनी 20 वर्षं फेडायचं, तर हप्ता 26 हजारांचा आणि एकूण फेड 62 लाखांवर. मुद्रांक शुल्क खिशातून. तसाच फ्लॅट दहा हजारांत भाड्याने मिळत असेल, तर खुशाल भाड्याने राहा.

घ्यायचाच झाला तर गॅलरीचं छत खालून बघा. खाऱ्या वाऱ्याने सळई गंजते, गंजली की फुगते आणि वरचं काँक्रीट फोडून बाहेर येते. किनाऱ्यावर सळईभोवती 45 मिलिमीटर काँक्रीट हवं, असं आयएस 456 हे काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक सांगतं. तपकिरी ओघळांवर नुकताच रंग मारलेला दिसला, तर तिथूनच मागे फिरा. चिपळुणात जुलै 2021चं पाणी कुठवर चढलं होतं, ते बिल्डरला नको, शेजारच्या दुकानदाराला विचारा.

पण खरं घोडं अडतं ते गावच्या घरापाशी. घर आहे, परडं आहे, आणि सातबाऱ्यावर पणजोबा अजून हयात! घरपट्टी आपल्या नावावर येते म्हणून लोक निर्धास्त असतात. ग्रामपंचायतीचा आकारणीचा उतारा म्हणजे मालकी नव्हे.

आधी सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा) आणि जुने फेरफार (सातबाऱ्यावरची नावं कशी बदलली त्याच्या नोंदी) काढा. मग मृत्यूचे दाखले जोडून वारस नोंद करून घ्या. आत्यांची नावं गाळू नका. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005च्या दुरुस्तीनंतर मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे, आणि गाळलेलं नाव दहा वर्षांनी दावा होऊन परत येतं. आत्या ‘मला काही नको’ म्हणाली, तरी नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं; पडवीतल्या चहावर ते होत नाही. सगळे सहहिस्सेदार राजी असतील, तर तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली वाटप होतं. त्यानंतर भूमी अभिलेख कार्यालयाकडून पोटहिस्सा मोजणी, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याची मोजणी. गडगा (दगडी कुंपण) म्हणजे हद्द, हा समज मोजणीच्या दिवशी बहुतेकदा मोडतो.

गणपतीत सगळे चाकरमानी येतात, तेव्हा सह्या घेऊ, असं दरवर्षी ठरतं. नेमकी तेव्हा कचेरीला सुट्टी, कुणाचं आधार कार्ड मुंबईत, आणि पाचव्या दिवशी सगळे परतीच्या गाडीत. कागदांचा मसुदा आषाढातच तयार ठेवा आणि सुट्टीला लागून एक कामाचा दिवस मागून घ्या.

वाटप होईपर्यंत कौलं परता, वाळवी लागलेले वासे बदला, पण स्लॅब घालू नका. सामाईक सातबाऱ्यावर बँक सहसा कर्ज देत नाही, आणि तुमच्या पैशाचा मजला सगळ्यांच्या जमिनीवर उभा राहतो.