एका रुळावर तीन इंजिनं: डीसीसी वायरिंगचा माझा अनुभव

माझी मॉडेल रेल्वे: ८ बाय ४ फुटांचं प्लायवुड, एचओ स्केल (गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६.५ मिमी), दोन लूप, तीन सायडिंग (गाडी उभी करायच्या बाजूच्या लाइनी) आणि एक रिव्हर्स लूप (गाडी उलट दिशेला वळवणारा). यावर तीन इंजिनं आपापल्या वेगानं चालवायची होती. साध्या डीसीवरही हे जमतं, पण त्यासाठी रुळाचे विजेच्या दृष्टीनं वेगळे ब्लॉक पाडून प्रत्येकाला कंट्रोलर निवडायचा स्विच लावावा लागतो. मग गाडी बाजूलाच राहते, हात स्विचवरच. म्हणून डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल) घेतलं. रुळात कायम १५ व्होल्टच्या आसपास, वेग आणि दिशा इंजिनातलं छोटं सर्किट, म्हणजे डीकोडर, सांभाळतो.

‘डीसीसीला दोनच वायर लागतात’ हे अर्धसत्य आहे. दोन वायर म्हणजे टेबलाखालची बस, म्हणजे वीज सगळीकडे नेणारी मुख्य जोडी. तिला घरगुती वायरिंगची अडीच एमएमची वायर वापरली, लाल आणि काळी, दोन्ही एकमेकींवर सैल पीळ देऊन. रुळाच्या दर ९० सेंटिमीटरच्या तुकड्याला बसपासून रुळापर्यंत जाणाऱ्या अर्ध्या एमएमच्या वायरची, म्हणजे फीडरची, एक जोडी, अशा एकूण १६. फीडर ३० सेंटिमीटरपेक्षा लांब ठेवला नाही. रुळाचे तुकडे जोडणाऱ्या रेल जॉइनरवर विसंबू नये. ते नवे असताना छान चालतात, वर्षभरात काळे पडतात.

जाड वायर वेगासाठी लागते असं वाटतं, पण खरं कारण शॉर्ट सर्किट. रुळाला वीज पुरवणारा बूस्टर ३ अँपिअरचा आहे. १५ भागिले ३ म्हणजे ५ ओहम. शॉर्टच्या वाटेत याहून जास्त रोध असला, तर बूस्टर ट्रिप होतच नाही. घसरलेल्या डब्याच्या चाकातून जवळपास ३ अँपिअर वाहत राहतात आणि बोगीचं प्लॅस्टिक वितळतं. म्हणून नाण्याची चाचणी: रुपयाचं नाणं दोन्ही रुळांवर आडवं टेकवायचं, बूस्टर तत्क्षणी बंद पडला पाहिजे. दर फूटभर अंतरावर, प्रत्येक सायडिंगच्या टोकालाही. माझ्याकडे दोन जागी बूस्टर नुसता गुणगुणला. दोन्हीकडे सोल्डर वायरला धरलं होतं, रुळाला नाही. रुळाची बाहेरची बाजू पॉलिश पेपरनं घासली, रोझिन फ्लक्स लावला, जास्त वॉटचा सोल्डर गन दोन सेकंद टेकवला, काम झालं. ॲसिड फ्लक्स मात्र नको, तो नंतर वायर खातो.

रिव्हर्स लूपमध्ये डावा रूळ फिरून उजव्याला भेटतो, म्हणजे शॉर्ट ठरलेला. लूपच्या दोन्ही टोकांना, दोन्ही रुळांत, समोरासमोर इन्सुलेटेड (वीज न जाऊ देणारे) जॉइनर घातले आणि मधल्या भागाला ऑटो-रिव्हर्सर, म्हणजे ध्रुवता आपोआप उलटवणारं यंत्र, दिला. हा भाग सर्वांत लांब गाडीपेक्षा मोठा हवा, दिव्याचे डबे आणि धातूची चाकं धरून. नाहीतर गाडी एकाच वेळी दोन्ही गॅप जोडते आणि रिव्हर्सर काय करावं ते न कळून टकटक करत बसतो.

गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या सांध्यांचे फ्रॉग (दोन रूळ एकमेकांना छेदतात तो भाग) जिवंत, म्हणजे वीज असलेले, ठेवले. फ्रॉगपुढच्या दोन्ही आतल्या रुळांना इन्सुलेटेड जॉइनर आणि ध्रुवता बदलायला सांधा हलवणाऱ्या पॉइंट मोटरवरचा स्विच. निर्जीव फ्रॉगवर छोटं शंटिंग इंजिन हमखास थांबतं.

जुना डीसी कंट्रोलर पूर्ण काढून टाकला. दोन्ही एकदम रुळाला लागले तर बूस्टर जातो. रुळाला वीज जोडणाऱ्या जुन्या पॉवर क्लिपमध्ये कपॅसिटर असतो, तोही डीसीसीचा सिग्नल बिघडवतो. क्लिपच टाकून दिली.

डीकोडर बसवण्याआधी मल्टिमीटरनं मोटरची दोन्ही टोकं चाकांशी आणि चेसिसशी तपासायची. जुन्या इंजिनात एक ब्रश थेट चेसिसला टेकलेला असतो. तो सोडवल्याशिवाय वीज दिली की डीकोडर जळतो. डीकोडरच्या लाल आणि काळी वायर रुळाकडून, केशरी आणि करडी मोटरला. सगळ्या डीकोडरचा पत्ता (इंजिनाला आदेश देण्याचा क्रमांक) कारखान्यातून ३ असतो, त्यामुळे बदलला नाही तर तिन्ही इंजिनं एकदम निघतात. प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर (सेटिंग बदलण्यासाठीच्या वेगळ्या रुळावर) एकेक ठेवून ११, १२, १३ दिले आणि इंजिनाच्या बुडाला चिकटपट्टीवर लिहून ठेवले.