डेट्रॉइटचा ड्राफ्ट: अजून न खेळलेल्या पोरांसाठी घसा बसवणारी माणसं

एप्रिल 2024 मध्ये मावसभावाकडे गेलो, तेव्हा डेट्रॉइटमध्ये लगीनघाई चालू होती. भाऊ राहतो कॅंटनला. डेट्रॉइटच्या पश्चिमेचं हे उपनगर. मोटारींच्या धंद्यापायी पुण्या-पिंपरीकडून आलेली बरीच मंडळी या पट्ट्यात आहेत. कुठल्याही घरी जा, विषय एकच: ड्राफ्ट.

ड्राफ्ट म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधली कॉलेजच्या खेळाडूंची निवड. संघ 32, फेऱ्या सात. आधीच्या हंगामात जो सगळ्यात जास्त हरला, त्याची पाळी पहिली. 2024 मध्ये पहिल्या फेरीत प्रत्येक संघाला दहा मिनिटं होती. पाळ्यांची अदलाबदलही करता येते, तिला ट्रेड म्हणायचं. आयपीएलच्या लिलावात पैसा बोलतो. इथे पैसा पाळीच्या क्रमांकाला जवळपास चिकटवलेलाच असतो. त्या वर्षी पहिल्या क्रमांकाच्या पोराला चार वर्षांचे सुमारे 4 कोटी डॉलर मिळाले. मात्र ‘बाबा रे, तुला त्या गावात जायचंय का?’ असं त्याला कोणी विचारत नाही. मला हा प्रकार अजूनही जरा खटकतो. भावाचं उत्तर तयार होतं, “दादा, तसं नसतं ना, तर लायन्सकडे कोण आलं असतं?”

लायन्स हा डेट्रॉइटचा संघ. 2008 मध्ये सोळापैकी सोळा सामने हरलेला. जानेवारी 2024 मध्ये तब्बल 32 वर्षांनी त्यांनी प्लेऑफचा, म्हणजे बाद फेरीचा सामना जिंकला, आणि त्याच महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाविरुद्ध मध्यंतराला 24-7 पुढे असताना 34-31 ने हरले. माझ्या पुतणीसमोर या सामन्याचं नाव काढायचं नाही, असा घरात दंडकच आहे. बाईसाहेब शाळेत जातात. अंगात लायन्सच्या एडन हचिन्सनची 97 नंबरची निळी जर्सी. हा गडी शेजारच्या प्लिमथचा, त्यामुळे जवळजवळ नात्यातलाच.

ड्राफ्ट बघायला प्रवेश फुकट होता, पण मोबाइलवर नाव नोंदवावं लागत होतं. गाडी लांब लावून वुडवर्ड ॲव्हेन्यूने चालत निघालो. पूर्वी 18 लाखांच्या वर वस्ती असलेलं हे शहर 2013 मध्ये दिवाळखोर ठरलं होतं. आज फुटपाथवर पाय ठेवायला जागा नव्हती. जेफरसन ॲव्हेन्यूच्या नाक्यावर मुष्टियोद्धा जो लुईसची काशाची भली मोठी मूठ टांगलेली आहे, तिच्याखाली सगळ्या संघांचे रंग एकमेकांत मिसळले होते. पलीकडे नदी आणि नदीपार कॅनडा. आम्ही दुपारीच आत शिरलो म्हणून बरं. संध्याकाळी गर्दी इतकी वाढली की दरवाजे बंद करावे लागले. तीन दिवसांत मिळून पावणेआठ लाख माणसं आली. नॅशव्हिलचा 2019 चा सहा लाखांचा विक्रम मोडला.

आठ वाजता लीगचा प्रमुख, कमिशनर रॉजर गुडेल मंचावर येणार म्हटल्यावर हुर्यो सुरू. त्याची हुर्यो उडवणं हा ड्राफ्टचा रिवाजच आहे, त्यात वैयक्तिक राग कमी आणि हौस जास्त. म्हणूनच की काय, सोबतीला डेट्रॉइटचाच रॅपर एमिनेम आणि लायन्सचा जुना खेळाडू बॅरी सँडर्स आणले होते. रागावलेल्या पाहुण्यांसमोर लाडकी नातवंडं पुढे करतात तसं!

पहिली पाळी शिकागो बेअर्सची. खरं तर ती कॅरोलायना पँथर्सची. 2023 मध्ये त्यांनी त्या वर्षीचा पहिला क्रमांक मिळवण्यासाठी आपली पुढच्या वर्षीची पाळी शिकागोला देऊन टाकली आणि मग सतरापैकी पंधरा सामने हरले. शिकागोने उचलला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा आक्रमणाचा सूत्रधार, केलेब विल्यम्स. माझ्या डावीकडे शिकागोहून आलेले एक आजोबा होते, निळी-नारिंगी टोपी, हातात घडी घातलेला कागद. कागदावर बेअर्सच्या जुन्या क्वार्टरबॅकांची नावं, एकेक करून खोडलेली. इतक्या जुन्या क्लबच्या एकाही क्वार्टरबॅकने एका हंगामात 4000 यार्ड फेकलेले नाहीत, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. मग पेन काढलं आणि तळाशी ‘विल्यम्स’ लिहिलं. खोडायला पुढे जागा ठेवून.

दुसरा जेडन डॅनियल्स, वॉशिंग्टनला. सभ्य टाळ्या. चौथा मार्विन हॅरिसन ज्युनियर, ॲरिझोनाला, आणि हुर्योने आसमंत दणाणला. पोरगा गुणी, पण ओहायो स्टेटचा, म्हणजे मिशिगन विद्यापीठाच्या जुन्या वैऱ्याचा. डेट्रॉइटच्या मिशिगन राज्यात ओहायो स्टेट हे नाव घ्यायचं म्हणजे विकतचं भांडण. पुतणीने दोन्ही अंगठे खाली केले.

सगळ्यात मोठा धक्का आठव्या क्रमांकाला बसला. अटलांटा फाल्कन्सने मार्चमध्येच कर्क कझिन्स या क्वार्टरबॅकशी चार वर्षांचा 18 कोटी डॉलरपर्यंतचा करार केला होता. आता त्यांनी कोण घ्यावा? मायकेल पेनिक्स ज्युनियर. तोही क्वार्टरबॅकच! आमच्या पुढ्यात फाल्कन्सचं एक जोडपं होतं. नवऱ्याच्या अंगात कझिन्सची 18 नंबरची कोरी जर्सी, घडीच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या. तो काही बोलला नाही. बायकोने त्याच्या पाठीवरचं नाव एकदा वाचलं, पडद्याकडे पाहिलं आणि हसायलाच लागली. आजूबाजूच्या अनोळखी लोकांनी त्याचे खांदे थोपटले.

मग दहावा. मिनेसोटा व्हायकिंग्जने एक पाळी वर सरकून जे. जे. मॅकार्थीला उचललं. पंचाईत अशी की जानेवारीत याच पोराने मिशिगन विद्यापीठाला राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिलं होतं, तेही पेनिक्सच्या वॉशिंग्टन विद्यापीठाला हरवून. आणि व्हायकिंग्ज म्हणजे लायन्सच्या गटातलेच वैरी. निम्मी गर्दी त्याच्या नावाने आनंदाने ओरडत होती, निम्मी त्याच्या व्हायकिंग्जच्या टोपीकडे बघून कपाळाला हात लावत होती. भाऊ दोन्ही करत होता.

त्यानंतर बराच वेळ रेंगाळला. पहिले चौदाही खेळाडू आक्रमणाच्या फळीतले निघाले, असं याआधी कधी झालं नव्हतं. मला भूक लागली होती. लायन्सची पाळी 29 वी, म्हणून कोनी डॉग (इथला हॉट डॉग) आणायला निघणार, तेवढ्यात चोविसाव्या क्रमांकाला डॅलसच्या जागी पडद्यावर डेट्रॉइटचं नाव झळकलं. ट्रेड! 29 वी आणि 73 वी पाळी देऊन लायन्स वर आले होते. जमिनीतून हादरा यावा तशी आरोळी. अलाबामाचा टेरियन अर्नोल्ड, कॉर्नरबॅक, म्हणजे समोरच्यांचे झेल अडवणारा बचावपटू, मंचावर आला. सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध बचाव कुठे फाटला होता हे प्रत्येकाला पाठ, त्यामुळे नेमका ठिगळ लावणारा माणूस मिळाल्यासारखी लोकं नाचत होती. पुतणी बापाच्या खांद्यावर चढायचं वय उलटलेलं असूनही चढली.

27 व्या क्रमांकाला डॅरियस रॉबिन्सन गेला ॲरिझोनाला. तो आमच्या कॅंटनचा. गावातल्या पोराला इतक्या लांब धाडल्याबद्दल परतीच्या वाटेवर गाडीत निषेध नोंदवला गेला.

त्या रात्रीचे निकाल लागायला फार वेळ लागला नाही. मॅकार्थीचा गुडघा सराव सामन्यात दुखावला आणि अख्खा हंगाम गेला. डिसेंबरात अटलांटाने कझिन्सला बाकावर बसवून पेनिक्सला उतरवलं. त्या जर्सीचं काय झालं देव जाणे. पंधरा सामने जिंकलेल्या लायन्सला जानेवारी 2025 मध्ये घरच्या मैदानावर 45-31 असं कोणी घरी बसवावं? सभ्य टाळ्यांच्या त्या डॅनियल्सने. भावाने दोन दिवस फोन उचलला नाही.

पुढचा ड्राफ्ट ग्रीन बेला झाला, आम्ही तो फोनवर बोलत बोलत पाहिला. 28 व्या क्रमांकावर लायन्सने टायलीक विल्यम्सला घेतलं. कॉलेज ओहायो स्टेट. पलीकडे शांतता, मग पुतणीचा आवाज, “काका, चांगला आहे हा. बचावात आपल्याला असाच पाहिजे होता.”