चार ओहमचा हिशेब: रिसिव्हरला अ‍ॅम्प्लिफायरची जोड

परभणीतल्या आमच्या घरी गेल्या मे महिन्यात, सिनेमा ऐन रंगात आला की होम थिएटरचा रिसिव्हर (आवाज वाढवून सगळ्या स्पीकरना पुरवणारी पेटी) आपोआप बंद पडू लागला. झाकणावर तळहात ठेवला तर चटका बसे. पंधरा मिनिटे थांबून सुरू केला की पुन्हा अर्धा तास चाले. बाहेर पारा ४२ अंशांवर आणि विजेचा दाब दिवसभर वरखाली, त्यामुळे दोष विजेचाच असे धरून मी स्टॅबिलायझर आणला. काही फरक पडला नाही. तो आता फ्रिजला लावला आहे.

समोरचे दोन स्पीकर जुने घेतलेले, पाठीवरचे लेबल पुसट झालेले. शेवटी वायरी सोडवून मल्टिमीटर लावला, तर ३.४ ओहम आले. मीटर फक्त कॉइलच्या तारेचा रोध दाखवतो आणि तो छापील इम्पीडन्सपेक्षा (स्पीकरच्या एकूण विद्युतरोधापेक्षा) थोडा कमीच भरतो, म्हणजे स्पीकर ४ ओहमचे होते. तेवढ्याच व्होल्टेजला ते ८ ओहमच्या स्पीकरपेक्षा दुप्पट करंट ओढतात, आणि एकाच ट्रान्सफॉर्मरवर पाच चॅनेल (पाच स्पीकरांचे वेगवेगळे मार्ग) चालवणारा माझा मध्यम किमतीचा रिसिव्हर तो पुरवता पुरवता तापून स्वतःच्या बचावासाठी बंद होत होता.

दुकानदाराने मेनूतला ४ ओहमचा पर्याय निवडायला सांगितले. बंद पडणे थांबले खरे, पण ही सोय बहुधा आतला व्होल्टेजच कमी करते. मोठ्या प्रसंगात आवाज चिरकू लागला. असा कापला गेलेला सिग्नल ट्विटर (स्पीकरमधला उंच स्वरांचा छोटा भाग) जाळू शकतो, म्हणून मी तो नाद सोडला.

मग इंटरनेटवर स्पीकरचे माहितीपत्रक शोधून हिशेब मांडला. संवेदनशीलता (ठरावीक विजेवर स्पीकर किती मोठा वाजतो) ८६ डेसिबल, पण बारीक अक्षरांत ‘२.८३ व्होल्टला, १ मीटरवर’. ग्यानबाची मेख इथेच होती. ८ ओहमला २.८३ व्होल्ट म्हणजे १ वॉट, ४ ओहमला तेच २ वॉट. शक्ती दुप्पट झाली की ३ डेसिबल वाढतात, म्हणून १ वॉटचा खरा आकडा ८३. सोफा ३ मीटरवर आहे. अंतराची घट आणि उघड्या भिंती व शहाबादी फरशीवरून परतणारा आवाज दोन्ही धरून मी अंदाजे ६ डेसिबल वजा केले, तेव्हा कानापाशी ७७ उरले. क्षणभराच्या मोठ्या आवाजाला १०० डेसिबल हवे असतील तर २३ डेसिबलची वाढ लागते, म्हणजे २०० वॉट. रिसिव्हरच्या खोक्यावर ८० वॉट होते, तेही ८ ओहमला आणि दोनच चॅनेल चालू असताना.

रिसिव्हरच्या मागे प्री-आउट (बाहेरच्या अ‍ॅम्प्लिफायरला सिग्नल देणारी जोडणी) होते, हे नशीब. ४ ओहमला २०० वॉट देणारा दोन चॅनेलचा वापरलेला पॉवर अ‍ॅम्प्लिफायर छत्रपती संभाजीनगरला मिळाला. अठरा किलोचे ते धूड तपोवन एक्स्प्रेसमध्ये मांडीवर घेऊन आणले. समोरचे स्पीकर त्याला जोडले, बाकीचे ८ ओहमचे तीन रिसिव्हरवरच ठेवले.

सुरू करताच सगळीकडून ‘घुंऽऽ’. वायरमन म्हणाला, “सर, ही तिसरी पिन काढून टाका की, आवाज बंद होतो बघा.” होतो, पण धातूच्या पेटीचा अर्थिंग तोडून घरात लहान मुले असताना कोण झोपेल? एकेक वायर काढत गेलो. सेट-टॉप बॉक्सची केबल उपटताच गुणगुण थांबली. केबलच्या जाळीला बाहेर कुठेतरी वेगळा अर्थिंग मिळत होता आणि दोन अर्थिंगमधला फरक ५० हर्ट्‌झची गुणगुण बनून स्पीकरमध्ये उतरत होता. केबलच्या वाटेत आयसोलेटर (सिग्नल जाऊ देऊन अर्थिंगची जोड तोडणारा) बसवला आणि सगळी उपकरणे एकाच बोर्डावर घेतली.

नव्या अ‍ॅम्प्लिफायरचा गेन (सिग्नल किती पट वाढवतो ते) वेगळा असल्याने स्पीकरांच्या आवाजाचे मोजमाप पुन्हा करावे लागले. माइक कानाच्या उंचीवर ठेवून, पंखा-कूलर बंद करून, घामाघूम होत मी ते केले आणि ८० हर्ट्‌झखालचा आवाज सबवूफरकडे (खर्जाच्या स्पीकरकडे) वळवला. जूनमध्ये तीन तासांचा सिनेमा अखंड चालला.

मधला स्पीकर मात्र वेगळ्या कंपनीचा आहे. पात्र डावीकडून मध्ये आले की त्याला सर्दी झाल्यासारखे वाटते, आणि ते कोणत्याही वॉटने सुटणारे नाही; समोरच्या जोडीच्याच मालिकेतला जुना सेंटर मी सध्या शोधतो आहे.